प्रश्नाआधी आलेलं उत्तर

१

दीप्ती कांबळेच्या तोंडून "पन्हाळ्यावरच्या" एवढा एकच शब्द बाहेर पडला होता. प्रश्न कशाबद्दल आहे हे कुणाला कळायच्या आतच फोनवरच्या बाईनं उत्तर देऊन टाकलं.

"तीन. गंगा, यमुना, सरस्वती."

पडद्यावर सूत्रसंचालिका दीप्ती थिजली. तिनं एकदा समोरच्या मॉनिटरकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडं, आणि तिच्या तोंडून निसटून गेलं, "रूपाली? तू?"

केबलचे मालक हंबीरराव चौगल्यांनी टेप थांबवली. चित्र थरथरत तिथंच उभं राहिलं.

"बघितलंसा, वकीलबाई? पन्हाळ्यावर तीन दरवाजा हाय, सज्जाकोठी हाय, अंधारबाव हाय. ह्या बाईला कसं कळलं, प्रश्न अंबरखान्याच्या कोठारांचा हाय म्हणून? वरनं आमची पोरगी इचारतीया, रूपाली, तू? दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. आता आणि काय पुरावा पायजे?"

पूर्णिमा इंगवलेनं वही उघडली. राजारामपुरीत तिची वकिली बरी चालत होती. तिथल्याच एका मोपेड विक्रेत्याची ती कायद्याची कामं बघायची. 'तारांगण केबल'च्या 'सांगा की!' या कार्यक्रमाला त्यानंच बक्षीस म्हणून एक कोरी मोपेड लावली होती. दोन हजार एक सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि त्याच्या दुकानापुढं सकाळपासून लोक "फिक्सिंग, फिक्सिंग" म्हणून ओरडून जात होते. मोपेड गडमुडशिंगीच्या रूपाली पोवारला द्यायची की नाही, एवढंच पूर्णिमानं शोधून सांगायचं होतं.

"तुमचं काय ठरलंय?" तिनं विचारलं.

"माझं ठरलंय. आज संध्याकाळी सातला मी त्याच खुर्चीत बसणार आणि सांगणार, दीप्ती कांबळेनं उत्तरं मैत्रिणीला पुरवली, तिला आमी हाकलली. नाव घिऊन सांगणार. केबल पार हातकणंगल्यापतोर दिसती."

"आणि तिनं पुरवली नसतील तर?"

हंबीररावांनी टेबलावरचा पेढ्याचा बॉक्स पुढं सरकवला. "मग तुमीच सांगा की, कुणी पुरवली?"

पूर्णिमानं पेढा घेतला नाही. सातला अजून बराच अवकाश होता, पण तिच्या हातात सुरुवात करायला टोकसुद्धा नव्हतं.

२

दीप्ती खाली दवाखान्याशेजारच्या चहाच्या टपरीवर बसली होती. समोर चहा निवून त्यावर साय धरली होती. रोज हातकणंगल्याहून रेल्वेनं येणारी ही मुलगी टीव्हीवर दिसते त्यापेक्षा लहान आणि थकलेली दिसत होती.

"मॅडम, तुम्ही मला विचाराल, मी सांगितलं का. मी सांगते, नाही. मग तुम्ही विचाराल, रूपालीला कसं कळलं. मला माहीत नाही. त्याच्यापुढं माझी गाडी जातच नाही."

"प्रश्न कोण काढतं?"

"मीच. सगळे मीच काढलेत. शंभरच्या वर आहेत. म्हणून तर सगळे माझ्याकडं बोट दाखवतात."

"रूपालीशी कधी बोलणं झालं होतं प्रश्नांबद्दल?"

दीप्तीनं पेल्यावरची साय बोटानं बाजूला केली. "गणपतीत ती बाजारात भेटली होती. बोललो तासभर. नवरा, सासू, म्हशी. मी प्रश्नांचं काही बोलले असेन का? मला आठवत नाही. आधी वाटायचं, शक्यच नाही. आता वाटतं, कुणास ठाऊक."

"एखादा प्रश्न बोलला असलात तरी परवा नेमका तोच येणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. कॉम्प्युटर निवडतो. माझ्यासमोर एक मॉनिटर आहे, त्याच्यावर प्रश्न आणि उत्तर येतं. आलं की मी वाचायला लागते. त्याच्याआधी मलाही काही माहीत नसतं."

पूर्णिमाला टेप आठवली. फोन जोडल्यावर दीप्तीनं मान खाली घातली होती, वाचलं होतं आणि लगेच बोलायला लागली होती. दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तेवढ्यात ती कुणाला खूण तरी कशी करणार?

"रूपालीला विचारलंत?"

"काल सकाळी फोन केला." दीप्तीनं पेला बाजूला सारला. "तिला चोर म्हणाले. ओरडून म्हणाले. तिनं फोन आपटला."

एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थांबली, दीप्तीकडं टक लावून बघितलं आणि सोबतच्या बाईच्या कानाला लागली.

"बघा," दीप्ती म्हणाली. "आमच्या गल्लीत टीव्हीवर दिसलेली पहिली पोरगी मी. वडील कपडे शिवतात. दुकानात टीव्ही ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा कार्यक्रम दाखवायला. आज सातला तो टीव्ही लावायचा की नाही, एवढं मला सांगा. बाकी मोपेडचं काय करायचं ते करा."

३

नियंत्रण कक्ष म्हणजे स्टुडिओला काच लावून वेगळी काढलेली एक चिंचोळी खोली. तिथं हंबीररावांचा भाचा अतुल बसायचा. वीस-बावीसचा, अंगानं पैलवान, स्वभावानं गरीब.

"मॅडम, माझ्यावर संशय हाय काय?" त्यानं आधीच विचारलं. "मामा माझं नाव घेत न्हाईत, पर गल्ली घेतीया."

"सगळ्यांवर आहे. आधी मला हे मशीन समजावून सांग. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

अतुलला हुरूप आला. "जुना पेंटियम हाय. मामा नवीन घिऊ देत न्हाईत. म्हणून प्रसेनजीत सरांनी ह्यालाच चार ग्राफिक्स कार्डं बसवली. एका कार्डाला एक पडदा. पर कॉम्प्युटरला वाटतं, सगळा मिळून एकच लांबलचक पडदा हाय. घ्या, माउस धरा."

पूर्णिमानं माउस डावीकडं सरकवला. बाण समोरच्या मॉनिटरच्या कडेला गेला, नाहीसा झाला आणि वर टांगलेल्या छोट्या टीव्हीवर उगवला.

"त्यो लोकांना दिसणारा पडदा. आत्ता कार्यक्रम न्हाय म्हणून चालतंय. आता उजवीकडं न्या."

बाण मधल्या मॉनिटरवरून पळत गेला आणि काचेपलीकडं, दीप्तीच्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या मॉनिटरवर दिसू लागला.

"ह्यो दीप्तीताईंचा."

पूर्णिमानं हात तसाच पुढं रेटला. बाण त्या मॉनिटरच्याही उजव्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. तिनं वर बघितलं, मागं बघितलं, काचेतून वाकून बघितलं. कुठंच नव्हता.

"आता कुठं गेला?"

"माळ्यावर," अतुल हसला. "चौथं कार्ड. त्याला मॉनिटर न्हाय. आमी त्याला माळा म्हणतो. दिसत काय न्हाय, पर जागा हाय. तिथं वस्तू ठेवाय येती."

"कसली वस्तू?"

"फुडचा प्रश्न. त्यो आधी माळ्यावर उघडतो. मी बटण दाबलं की तिथनं ताईंच्या पडद्यावर उतरतो."

"म्हणजे दीप्तीच्या आधी तो तुला दिसतो."

"मला कुठला दिसतोय! मला निस्ता नंबर दिसतो." अतुलनं छातीवर हात ठेवला. "आणि दिसला जरी असता, तरी सांगणार कसा? हितं फोन एकच. त्यो रूपालीबाईंनी अडवून धरलेला. त्यांचा फोन होल्डवर टाकला, मधी जाहिराती लावल्या आणि मगच प्रश्न निवडायचं बटण दाबलं. कायम तसंच करतो. खिडकीतनं गडमुडशिंगीपतोर वरडलो असतो व्हय?"

पूर्णिमा कॉम्प्युटरच्या मागं वाकली. तारांचा गठ्ठा लाल नाड्यानं आवळून बांधला होता. नाड्यात झेंडूची वाळकी फुलं अडकली होती आणि डब्याच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं होती.

"खंडेनवमीचं हाय ते," अतुल घाईनं म्हणाला. "हात लावू नका, मामा खवळतील."

तिनं हात लावला नाही. तिच्या डोक्यात वेगळाच गुंता चालला होता. निवड होण्याआधी कुणालाच काही माहीत नव्हतं. निवड झाल्यावर कुणालाच काही कळवता येत नव्हतं. म्हणजे ही लबाडी झालीच नव्हती. पण टेपवर तर ती धडधडीत ऐकू येत होती.

४

"मॅडम, मी रात्रभर प्रोग्रॅम वाचत बसलो," प्रसेनजीत म्हणाला. एका तंत्रनिकेतनात तो प्रयोगशाळा सांभाळायचा, पण आज तारांगणच्या कचेरीतच येऊन बसला होता. 'सांगा की!'चा सगळा कारभार त्याच्या प्रोग्रॅमवर चालत होता. "ओळ न् ओळ वाचली. त्यात चूक नाही. मग मला वाटायला लागलं, चूक माझ्या वाचण्यातच आहे."

"प्रश्न आधीच ठरवून ठेवता येतो का? म्हणजे आज अमुकच यावा असा?"

"मला ठेवता आला असता. ठेवलेला नाही. पण हे मी सांगून कोण ऐकणार? मी कांबळ्यांच्या ओळखीचा, आमच्या दोघांची घरं एकाच विहारात जाणारी. हंबीरराव तोंडानं बोलले नाहीत, पण काल मला त्यांनी चहा विचारला नाही."

"तो माळा. त्याची गरजच काय होती?"

"मशीन म्हातारं आहे," तो म्हणाला. "प्रश्नाबरोबर किल्ल्याचा, देवळाचा फोटो असतो. तो उघडायला इतका वेळ लागायचा की दीप्ती कॅमेऱ्याकडं बघून नुसती हसत बसायची. लोक फोन करून विचारायचे, ताईंना काय झालंय? म्हणून प्रश्न आधीच उघडून बाजूला तयार ठेवायचा, कुणाला न दिसेल अशा जागी. मग हुकूम आला की नुसता सरकवायचा. चौथं कार्ड मोकळंच होतं."

"मोकळंच होतं तर आणलं कशाला?"

"हंबीररावांना पुढं दुसरं चॅनेल काढायचं होतं, त्यासाठी. ते माझ्याकडं नव्हतं. माझं काम फक्त प्रश्नांचं. दसऱ्याच्या आधी दोन महिने कार्यक्रम बिनबोभाट चालला, मॅडम. नवरात्रात बंद ठेवला. परवाचा दसऱ्यानंतरचा पहिलाच."

पूर्णिमानं तिथल्याच फोनवरून रूपाली पोवारला फोन लावला. पलीकडून म्हशीचा हंबर ऐकू आला आणि मग एक खणखणीत आवाज.

"कोण? वकील? म्हंजे आता कोर्टात खेचताय व्हय मला?"

"नाही. एवढंच सांगा, उत्तर तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? टीव्हीवर ल्हिवलेलं हुतं की! प्रश्न वर, उत्तर खाली. समद्या गावाला दिसत हुतं. मी वाचून दाखवलं, त्यात चोरी कसली? वाचाय येणं म्हंजे चोरी काय ओ बाई?"

फोन आपटला गेला.

पूर्णिमा रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. परवाची टेप तिनं स्वतः डोळ्यांनी बघितली होती. पडद्यावर दीप्ती होती, खाली मोपेडची जाहिरात होती. अक्षर म्हणून काही नव्हतं.

५

"खोटं बोलतीया," हंबीरराव म्हणाले. "आपल्या पापाला गाव वाटेकरी."

पूर्णिमानं टेप पुन्हा लावली. जाहिरातींसकट, पहिल्यापासून. उत्तराचं एक अक्षर कुठं पळभरही चमकलं नव्हतं. खोटंच बोलायचं तर रूपाली "मला आधीच येत होतं" म्हणाली असती. सगळ्या गावानं बघितलं, असं पडताळून बघता येणारं खोटं कोण बोलेल?

चित्र बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा तिनं मान मागं टाकली आणि डोळे मिटून नुसती ऐकत राहिली.

पहिला फोन कसबा बावड्याचा. "ताई, मी बोलतोय, मी बोलतोय," आणि त्याच्या मागून दीप्तीचाच आवाज घुमत येत होता. "आधी टीव्हीचा आवाज कमी करा," दीप्ती म्हणाली. दुसरा उचगावचा. पुन्हा तोच घुमणारा आवाज, पुन्हा तीच विनवणी. तिसऱ्याला तर तिनं दोनदा सांगितलं. जो तो आपलाच आवाज टीव्हीतून ऐकायला धडपडत होता.

मग रूपाली. "तीन. गंगा, यमुना, सरस्वती." आवाज स्वच्छ. मागं कुठंतरी म्हैस. टीव्ही नाही.

पूर्णिमानं डोळे उघडले.

टीव्हीवर वाचलं म्हणते, आणि तिच्या घरात हा कार्यक्रम चालूच नव्हता. मग ती बघत काय होती?

"अतुल," ती उठत म्हणाली, "परवाच्यासारखंच सगळं चालू कर. एक प्रश्न निवड आणि माळ्यावर ठेव. खाली उतरवू नकोस. मी फोन करेन."

"काय करणार हायसा, मॅडम?"

"मलाच माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

गडमुडशिंगीत पोवारांचं घर दूध संस्थेच्या मागच्या गल्लीत होतं. रूपाली दूध घालायला गेली होती. घरात तिची सासू सरुबाई एकटीच होती. ओळखपाळख नसताना तिनं "या पावणं, बसा," म्हणून पाट सरकवला. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. त्याच्यासमोर निरांजन लावलं होतं आणि टीव्हीच्या डोक्यावर जास्वंदीचं एक फूल होतं.

"मावशी, टीव्हीपुढं दिवा?"

"देवी असती की त्यात," सरुबाई म्हणाली. "राजारामपुरीच्या मंडळाची. नवरात्रात नऊबी दिवस दिसत हुती, रातंदिस. खाली वर्गणीवाल्यांची नावं पळायची, सूनबाई वाचून दावायची. माझं गुडघं गेल्यात, देवळात कुठलं जातीया? सूनबाईनं ह्या नंबरावर लावून दिलं. दसऱ्याला देवीनं पडदा वडून घेटला. दमली असंल. पर बाई, पडदा पडला म्हणून गाभाऱ्यातला दिवा बंद करत्यात व्हय?"

पूर्णिमानं पडद्याकडं बघितलं. निरांजनाच्या उजेडामुळं आधी तिला काच नुसती निळी भासली होती. आता ती जवळ गेली. गडद निळ्या रंगाच्या मधोमध एक चौकट होती. चौकटीत नदीकाठच्या घाटाचा फोटो होता आणि त्याच्या खाली अक्षरं.

"मधीच कवातरी असली अक्षरं येत्यात," सरुबाई म्हणाली. "मला वाचाय येत न्हाय. रूपाली वाचती."

टेलिफोन खिडकीत होता. पूर्णिमानं नंबर फिरवला. हंबीररावांनीच उचलला.

"हंबीरराव, अतुलनं प्रश्न निवडलाय?"

"निवडलाय म्हणतोय. आमाला काय दिसत न्हाय. का?"

"मी वाचते. पंचगंगा कोणत्या पाच नद्यांपासून झाली? उत्तर, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. अतुलला म्हणावं, खाली उतरव आणि ताळा करून बघ."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हंबीरराव, पण एकदम उतरलेल्या आवाजात.

"वकीलबाई, तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," पूर्णिमा म्हणाली.

६

ती परत आली तेव्हा चौघंही नियंत्रण कक्षात दाटीवाटीनं जमले होते. दीप्ती दाराशी, प्रसेनजीत कॉम्प्युटरपाशी, अतुल भिंतीला टेकून. हंबीरराव तेवढे बसले होते.

"नवरात्रात मंडळाच्या देवीचं दर्शन तुम्ही दुसऱ्या चॅनेलवर दाखवलंत," पूर्णिमा म्हणाली. "त्याच्याखाली वर्गणीदारांची नावं सरकत होती. ती कुठून जायची?"

"ह्याच मशीनमधनं," अतुल म्हणाला. "चौथ्या कार्डा..." तो मध्येच थांबला.

"चौथ्या कार्डावरून. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती माळ्याला तार जोडली होती. दसऱ्यानंतर दर्शन बंद झालं. मांडवातला कॅमेरा कुणी काढला?"

"मी," अतुल म्हणाला.

"आणि इकडची तार?"

अतुलनं मामाकडं बघितलं. हंबीररावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"खंडेनवमीला पूजेचा नाडा बांधला," ते म्हणाले. "आमच्या वडलांचा लेथचा कारखाना हुता. पुजलेल्या हत्याराचा नाडा हातानं सोडायचा न्हाय, आपसुक गळून पडू द्यायचा. आजपतोर आमी तसंच करतोय. ह्यो अतुल तारा काढाय लागला, तर मीच वरडलो, नाडा तोडू नको म्हणून."

"म्हणून तार तशीच राहिली आणि चॅनेलही चालूच राहिलं. चित्र नाही म्हणजे चॅनेल बंद, असं तुम्ही सगळे धरून चाललात. प्रसेनजीतला वाटत होतं, माळ्यावर कुणाला दिसत नाही. खरं तर दसऱ्यापासून तो माळा घराघरात दिसत होता. तुमच्या या टीव्हीवर एकच चॅनेल लागतं, म्हणून दिसत नव्हता तो फक्त या खोलीला."

"मग बाकीच्या लोकांनी कसा बघितला न्हाई?" हंबीररावांनी क्षीण हरकत घेतली.

"जत्रा उठल्यावर मैदानात कोण जातं? एक सरुबाई गेली, कारण तिच्या लेखी देवी उठलेलीच नव्हती. टीव्ही सासूच्या देवीवर, सुनेच्या हातात फोन. रूपालीनं जे समोर दिसलं ते वाचलं. तिला वाटलं, कार्यक्रमच असा आहे. म्हणून तिच्या फोनमागं टीव्हीचा आवाज नव्हता. त्या चॅनेलवर आवाज नाहीच."

प्रसेनजीत कॉम्प्युटरच्या मागं वाकून एक तार बोटानं मोजत मोजत कपाटातल्या दुसऱ्या चॅनेलच्या यंत्रापर्यंत गेला. वर बघून त्यानं नुसती मान हलवली.

हंबीरराव उठले. "असं करूया," ते म्हणाले. "सातला मी सांगतो, तांत्रिक बिघाड झाला. झालं गेलं गंगेला मिळालं."

"नाही," दीप्ती म्हणाली.

ती दारातून पुढं आली.

"काका, तुम्ही माझं नाव घेऊन सांगणार होता. मग नाव घेऊनच सांगा. दीप्ती कांबळेनं काही केलं नाही, रूपाली पोवारनं काही केलं नाही. जे केलं ते आम्ही केलं. बिघाडाला नाव नसतं, मला आहे."

हंबीररावांनी पूर्णिमाकडं बघितलं.

"माझ्या अशिलाला मी सांगणार आहे," पूर्णिमा म्हणाली, "फेरी नव्यानं घ्या, मोपेड तोवर दुकानातच राहू दे. पण तुम्ही हे बोलला नाहीत, तर तुमच्या पुढच्या कार्यक्रमाला तो बक्षीस लावणार नाही. आणि दीप्तीनं दावा लावायचा म्हटलं, तर तिची वकील मी असेन."

हंबीरराव काचेपलीकडं गेले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची त्यांना लहान पडत होती.

साडेसहा वाजून गेले होते. पूर्णिमाला वाटलं, दीप्ती आता थांबेल, ऐकेल. पण ती जिना उतरू लागली होती.

"ऐकायचं नाही?"

"बाबांना फोन केलाय, टीव्ही लावा म्हणून. मला गडमुडशिंगीला सोडाल का?"

स्कूटरवर ती पूर्णिमाच्या मागं बसली. उड्डाणपूल मागं पडल्यावर ती पूर्णिमाच्या कानाशी म्हणाली, "आधी मी स्वतःवरच संशय घेतला, मॅडम. मी झोपेत बोलते का, असंसुद्धा आईला विचारलं. मग ते सोसेना. तेव्हा रूपालीवर घेतला. ते सोपं गेलं."

पूर्णिमानं स्कूटर जरा जोरात घेतली.

रूपाली दारातच होती, दुधाची रिकामी किटली धूत. तिनं मान वर केली, दीप्तीला बघितलं आणि पुन्हा किटली घासायला लागली. शेजारच्या घरातल्या टीव्हीतून हंबीररावांचा आवाज येत होता. ते खाकरत होते, अडखळत होते, "आमची चूक" म्हणत होते. त्यांनी दोघींची नावं घेतली. दोघींपैकी कुणी तिकडं लक्ष दिलं नाही.

"मी तुला चोर म्हणाले," दीप्ती म्हणाली.

"म्हणालीस की. फोनमधनं इतकी वरडलीस, शेजारच्या जावंला ऐकू गेलं. तिनं गल्लीला सांगितलं. गल्लीनं दूध संस्थेला."

"आता काय करू?"

रूपालीनं किटली उपडी घातली, हात पदराला पुसले आणि दारात आडवी उभी राहिली.

"तेवढ्याच मोठ्यांदा उलटं म्हण. हितं, भाईर हुबी राहून. मग आत ये."

दीप्तीनं एकदा पूर्णिमाकडं बघितलं. मग ती गल्लीकडं तोंड करून उभी राहिली. माईक नव्हता, कॅमेरा नव्हता, समोर मॉनिटर नव्हता. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"रूपाली पोवार चोर नाही!"

म्हैस दचकून मागं सरली. दोन-तीन दारं उघडली. समोरच्या घरातून एक म्हातारा चष्मा सावरत ओट्यावर आला.

"कोण म्हणालं हुतं, चोर हाय म्हणून?"

दीप्तीनं हात वर केला.

"मी," ती म्हणाली.